दवाखान्यातून वृद्धाश्रमात परतताना : सोलापुरातल्या ज्येष्ठांचे हक्क आणि ते कसे बजावायचे

वृद्धाश्रमात राहणारे आजोबा न्हाणीत घसरून पडतात. त्यांना सिव्हिलला किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात हलवतात, खुब्याचं ऑपरेशन होतं, दिवस जातात. एके सकाळी राउंडला आलेले डॉक्टर म्हणतात, "उद्या घेऊन जा." मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. वृद्धाश्रमाला फोन लावला की पलीकडून उत्तर येतं, "आता ते अंथरुणाला खिळले, आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत. शिवाय त्यांचा बेड दुसऱ्यांना दिलाय." दवाखान्याला खाट मोकळी हवी असते, मुलांना रजा नसते. आजोबांना मात्र काय हवंय, हे कुणी विचारलेलंच नसतं.

अशा ज्येष्ठांच्या कागदपत्रांसाठी धावपळ करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट कळकळीनं सांगते. परतीची तयारी डिस्चार्जच्या दिवशी करायची नसते. ती ऍडमिट केल्या दिवशी, जमल्यास त्याही आधी करायची असते. आणि ती त्या माणसाच्या मर्जीनं करायची असते, त्याला सामानासारखं इकडून तिकडे हलवून नाही.

आधी करारनामा काढा

वृद्धाश्रमात दाखल करताना सही केलेला कागद बहुतेकांनी नंतर कधी वाचलेला नसतो. तो आज काढून वाचा. ज्येष्ठांसाठीचा आपल्याकडचा मुख्य कायदा म्हणजे आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा 2007 चा अधिनियम. वृद्धाश्रमात राहणारा माणूस दवाखान्यात असताना त्याची जागा राखून ठेवावी, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. अमेरिकेत याबद्दल केंद्रीय नियम आहेत. तिथे राहणाऱ्याला दवाखान्यात पाठवताना बेड किती दिवस राखणार हे नर्सिंग होमला, म्हणजे तिकडच्या शुश्रूषेची सोय असलेल्या वृद्धाश्रमाला, लेखी द्यावं लागतं. कायमचं काढायचं असेल तर साधारणपणे 30 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि त्या नोटिशीवर अपील करता येतं. आपल्याकडे हे संरक्षण कायद्यातून मिळत नाही, म्हणून ते करारात लिहून घ्यावं लागतं.

करारात या गोष्टींची उत्तरं हवीत. दवाखान्यात असताना जागा किती दिवस राखणार? त्या दिवसांचे पैसे पूर्ण घेणार की जेवणखाणाचा खर्च वजा करणार? परत घेण्याआधी तब्येत कोण तपासणार आणि किती वेळात कळवणार? जास्त सेवा लागली तर जादा आकार किती? आणि सांभाळणं खरंच शक्य नसेल तर दुसरी सोय होईपर्यंत किती दिवसांची मुदत? करारात यातलं काही नसेल तर व्यवस्थापकांना साधं पत्र द्या आणि उत्तर लेखी मागा. व्हॉट्सॲपवर आलेलं उत्तरही जपून ठेवा. चांगले चालक अशा पत्रानं चिडत नाहीत, कारण स्पष्टपणा त्यांनाही हवाच असतो.

अनामत रक्कम आणि खोलीतलं सामान याबद्दलही विचारून घ्या. माणूस दवाखान्यात असताना त्याची पेटी आवरून व्हरांड्यात ठेवणं योग्य नाही. त्या पेटीत पासबुक, दागिना, देवाची तसबीर, नातवाचे फोटो असतात.

हलवताना सोबत काय जातं

तातडीच्या वेळी 108 ला फोन करा, ती सेवा मोफत आहे. गाडी येईपर्यंत एक पिशवी भरायची. आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचा कागद, आधीची फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं. पाकिटंच न्या, नुसती यादी चालणार नाही. चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र हमखास विसरतात. यंत्र नसलेली आजी प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि "पेशंटला समजत नाही" असा शेरा फाईलवर पडतो.

पिशवीत आणखी एक कागद घाला, अर्ध्या पानाचा. आजारी पडण्याआधी हा माणूस कसा होता ते त्यावर लिहा: स्वतः चालत होता का, काठी लागायची का, जेवण हातानं घ्यायचा का, माणसं ओळखायचा का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. डॉक्टरांना तुलना करायला हाच कागद लागतो. वृद्धाश्रमाशी परतीच्या वेळी बोलणी होतील तेव्हाही हाच कामाला येईल.

सोलापुरात भाषेचा मुद्दा लहान नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या आजींची तेलुगू, अक्कलकोटकडच्या आजोबांची कन्नड. आयुष्यभर बाजारात मराठी बोललेलं माणूसही तापात, गुंगीत मायबोलीवर येतं. आजाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणं हा त्याचा हक्क आहे. ती भाषा बोलणाऱ्या सिस्टर किंवा मावशी वॉर्डात बहुधा सापडतातच. सिस्टर इन्चार्जना तसं सांगा, त्या माणूस पाठवतात.

वय 70 किंवा त्यापुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्डाचं पहिल्या दिवशीच सांगा. ही योजना 29 ऑक्टोबर 2024 ला सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, योजनेतल्या दवाखान्यात. कार्ड काढताना वृद्धाश्रमातल्या मंडळींना एक अडचण नेमकी येते: आधारला मुलाचा मोबाईल जोडलेला असतो आणि ओटीपी तिकडे जातो. अशा वेळी अंगठा किंवा चेहऱ्याच्या पडताळणीनंही काम होतं, तसं मागा. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी 155388 वर आणि आयुष्मानची 14555 वर करता येते. दोन्ही योजनांचे आरोग्यमित्र, म्हणजे मदतनीस, योजनेतल्या दवाखान्यातच बसतात. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतचा औषधोपचार पॅकेजमध्येच धरलेला आहे. तो न मागता मिळेल असं धरून चालू नका.

सही कोणाची?

शुद्धीवर असलेल्या, समजून उत्तर देणाऱ्या ज्येष्ठाच्या उपचाराला संमती त्याची स्वतःचीच लागते. मुलाची नाही, वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाचीही नाही. प्रौढ आणि सक्षम रुग्णाच्या वतीनं दुसऱ्यानं दिलेली संमती पुरेशी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. तरी "नातेवाईक कोण आहे, सही करा" असं पलंगाशेजारी उभं राहून रुग्णाच्या डोक्यावरून विचारलं जातं. तिथे शांतपणे म्हणावं, "डॉक्टर, आधी त्यांना सांगा. ते ऐकताहेत."

डिस्चार्जलाही हेच लागू. कुठे जायचं, वृद्धाश्रमात, मुलाकडे की काही दिवस दुसरीकडे, हे त्यांना विचारा. त्यांचं उत्तर दोन ओळींत लिहून त्यावर त्यांची सही किंवा अंगठा घ्या. "मला माझ्या राहत्या वृद्धाश्रमात परत जायचं आहे" एवढं पुरतं. पुढे वाद झालाच तर या दोन ओळींना मोठं वजन येतं.

दवाखान्यात गेल्यावर बऱ्याच वृद्धांना भ्रम होतो. रात्री ओरडणं, सलाईन उपटणं, मेलेल्या भावाशी बोलणं, आणि सकाळी पुन्हा बऱ्यापैकी भानावर. संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवी औषधं, झोपमोड, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ अशी कारणं त्यामागे असतात आणि कारण सुधारलं की भ्रमही ओसरतो. कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. पण वृद्धाश्रमाचा माणूस नेमका अशाच रात्री भेटून गेला तर "यांना वेड लागलंय, आम्ही घेणार नाही" असा निकाल लागतो. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या की हा तात्पुरता भ्रम आहे, कशामुळे झाला आणि किती सुधारला. वृद्धाश्रमाच्या माणसाला भेटायला दुपारी बोलवा, चष्मा-कवळी घालून बसवलेलं असताना.

डिस्चार्जचा दिवस

बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेली आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 2019 मध्ये राज्यांकडे पाठवलेली रुग्णहक्कांची सनद हेच सांगते. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांतही 2021 च्या दुरुस्तीनं रुग्णहक्कांची सनद आली. ती आणि दरपत्रक खासगी दवाखान्यानं दर्शनी भागात लावायचं आहे. बिलाचा वाद वेगळा आणि माणूस वेगळा. तपशीलवार बिल मागा, वाद असेल तो लेखी नोंदवा. तक्रारीसाठी शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात चौकशी करा.

दवाखाना धर्मादाय न्यासाचा असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. अर्ज शक्यतो ऍडमिट असतानाच, दवाखान्यातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांकडे द्या. बिल भरून झाल्यावर पैसे परत मिळवणं फार जड जातं.

कॅशलेस विमा असेल तर दवाखान्याची विनंती गेल्यापासून 3 तासांत विमा कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची, असा विमा नियामकाचा 2024 पासूनचा दंडक आहे. दुपार टळेपर्यंत बाकावर बसवून ठेवलेल्या आजींसाठी हा नियम मोठ्यानं बोलून दाखवा.

फाईलच्या प्रती मागणं हाही हक्क आहे. मागणी केल्यावर डॉक्टरांनी 72 तासांत कागद द्यायचे असतात. ऍडमिट रुग्णाची कागदपत्रं 3 वर्षं जपणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आता डिस्चार्ज कार्ड. घाई इथे करू नका. औषधांचं पान घेऊन सिस्टरजवळ उभे राहा आणि कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: नवीन, बंद, बदललेलं. मग वृद्धाश्रमात पडून असलेल्या जुन्या पाकिटांशी ताडून पाहा. ब्रँडची नावं वेगळी आणि आतलं औषध एकच, हा घोळ सर्रास होतो. रक्तदाबाची ॲमलोडिपिनची गोळी जुन्या डब्यात एका नावानं असते, दवाखान्यानं दिलेली दुसऱ्या नावानं. केअरटेकर मावशी प्रामाणिकपणे दोन्ही देतात आणि चौथ्या दिवशी आजी चक्कर येऊन पुन्हा पडतात. म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचायचं. रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या औषधांबद्दल तर दोनदा विचारायचं. इन्सुलिन असेल तर वृद्धाश्रमात फ्रीज आहे का, टोचणार कोण, आणि बाटली उघडल्याची तारीख. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर 28 दिवसांनी टाकून द्यावं लागतं.

कार्डावर आणखी एवढं हवंच: लघवीची नळी असेल तर ती घातल्याची आणि बदलायची तारीख, नाकातली नळी असेल तर काय आणि किती भरवायचं, टाके काढायची तारीख, ऑपरेशनच्या पायावर भार द्यायचा की नाही, आणि कोणत्या लक्षणाला लगेच परत आणायचं. आहाराचंही विचारा. "नेहमीचं जेवण" म्हणजे आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला ती घातक ठरू शकते.

निघण्याआधी पडद्याआड पाठ, माकडहाड आणि टाचा बघून घ्या. लालसर चट्टा किंवा जखम असेल तर ती कार्डावर नोंदवून घ्या. नंतर "ही जखम तुमच्याकडे झाली" यावर वृद्धाश्रम आणि दवाखाना भांडत बसतात आणि जखम वाढत जाते.

डिस्चार्ज फार लवकर होतोय असं वाटलं तर तसं म्हणा, कारण विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हाही हक्क आहे. उलट डॉक्टर नको म्हणत असताना न्यायचं ठरलं तर "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशा कागदावर सही करण्याआधी विमा आणि योजनेवर काय परिणाम होईल ते विचारून घ्या.

वृद्धाश्रम "नाही" म्हणाला तर

आधी कारण समजून घ्या, कारण ते खरंही असू शकतं. रात्री एकच माणूस असलेल्या ठिकाणी ऑक्सिजनवरचा रुग्ण नेणं त्या रुग्णासाठीच धोक्याचं आहे. पण पुष्कळ नकार भीतीपोटी असतात. नळी, डायपर, कुशीवर वळवणं या गोष्टी शिकवता येतात. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी केअरटेकरला वॉर्डात बोलवा आणि सिस्टरसमोर त्यांच्या हातानं एकदा करून घ्या. संसर्गाची भीती असेल तर "इतरांना धोका नाही" किंवा "अमुक काळजी पुरेशी आहे" असं डॉक्टरांचं पत्र घ्या.

तरीही नकार असेल तर तो लेखी मागा. देत नसतील तर आपणच पत्र द्या आणि पोच घ्या. मजकूर असा चालेल:

"प्रति, व्यवस्थापक. आमचे वडील आपल्या संस्थेत अमुक तारखेपासून राहतात. अमुक तारखेला त्यांना रुग्णालयात दाखल केलं होतं. डॉक्टरांनी अमुक तारखेला डिस्चार्ज दिला असून कार्डाची व काळजीविषयीच्या सूचनांची प्रत सोबत आहे. आपल्या संस्थेत परतण्याची त्यांची इच्छा आहे, त्यांच्या सहीचा कागद सोबत आहे. चालू महिन्याचे पैसे भरलेले आहेत. त्यांना परत घेण्यास अडचण असल्यास कारण लेखी कळवावं, आणि दुसरी सोय होईपर्यंत जागा व सामान राखून ठेवावं, ही विनंती."

या पत्राची प्रत घेऊन पहिला फोन 14567 वर, ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन, सकाळी 8 ते रात्री 8. मग समाज कल्याण कार्यालय आणि प्रांताधिकारी. 2007 च्या कायद्यानुसार निर्वाह न्यायाधिकरण, म्हणजे मुलांकडून खर्चाची रक्कम मागण्याचे अर्ज ऐकणारं मंडळ, प्रांत पातळीवर असतं आणि कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर येते. पैसे घेऊन चालणारा वृद्धाश्रम करार मोडत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षं, आणि आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पूर्ण मोफत चालणाऱ्या संस्थेवर मात्र ग्राहक कायदा लागत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

कायद्याचं कलम 24 प्रत्येकाला माहीत हवं. ज्येष्ठाचा सांभाळ किंवा संरक्षण ज्याच्याकडे आहे त्यानं त्याला कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं कुठेही सोडलं, तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दवाखान्याच्या दारात सोडून फोन बंद करणाऱ्यांना हे सांगायलाच हवं.

पैशांमुळे अडलं असेल, मुलांनी महिन्याचे पैसे पाठवणं बंद केलं असेल, तर निर्वाहाचा अर्ज ज्येष्ठ स्वतः करू शकतात किंवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था करू शकते. म्हणजे वृद्धाश्रम चालवणारी नोंदणीकृत संस्थाही. अर्ज चालू असताना अंतरिम रक्कम मागता येते. नोटीस लागू झाल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे, आणि कमाल रक्कम महिना 10,000 रुपये. घर मुलाच्या नावावर "सांभाळीन" या अटीवर करून दिलं असेल आणि तो सांभाळत नसेल, तर कलम 23 खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं.

परतीचा रस्ता आणि पहिले तीन दिवस

108 तातडीसाठी आहे, परतीला खासगी ॲम्ब्युलन्स ठरवावी लागते. दर आधी ठरवा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 42-43 वर असतो आणि डिस्चार्जचे कागद नेमके भर दुपारी हातात पडतात. ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या वेळी होटगी रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये पत्र्याच्या गाडीत नेऊ नका. ऊन उतरेपर्यंत वॉर्डातच थांबू द्या, अशी विनंती सिस्टर इन्चार्जना करा. बहुतेक जण मानतात. दुपारच्या गोळ्या आणि जेवण उरकूनच निघा.

पोचल्यावर कार्डाची एक प्रत व्यवस्थापकांकडे, एक पलंगाजवळच्या भिंतीवर. जुन्या, बंद झालेल्या गोळ्या डब्यातून त्याच वेळी बाहेर काढा. पहिले तीन दिवस ताप, लघवी, शौच, खाणं-पिणं आणि झोप वहीत लिहून ठेवायला सांगा. पडून राहणाऱ्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, हवेची गादी असली तरीही. भरवताना उठवून बसवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

मनोविकाराच्या रुग्णालयातून परतणाऱ्यांना 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचा आधार आहे. डिस्चार्जची योजना ठरवताना मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णाशी, त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीशी आणि ज्यांच्याकडे तो राहणार आहे त्यांच्याशी बोलायचं असतं. केवळ घर नाही किंवा घरचे घेत नाहीत म्हणून कुणालाही तिथे ठेवून घेता येत नाही.

ज्यांना जवळचं कुणीच नाही त्यांनी बरे असतानाच एका विश्वासू माणसाचं नाव लिहून ठेवावं: शेजारी, भाची, भिशीतली मैत्रीण, कुणीही. "मी दवाखान्यात असताना यांना माझी माहिती द्यावी, माझ्या वतीनं कागद घ्यावेत आणि माझं सामान यांच्याशिवाय कुणी हलवू नये." सही, तारीख, दोन साक्षीदार. एक प्रत वृद्धाश्रमाच्या फाईलला, एक त्या माणसाकडे, एक आधार कार्डासोबत त्या पिशवीत.